भावोजींची माती

यंदा पिवळ्या गांधीलमाश्यांनी पोळं खाली बांधलं आहे. दरवर्षी लिचीच्या वरच्या फांदीला लोंबणारं ते पोळं या खेपेला आल्याच्या वाफ्याशेजारी, गडग्याच्या फटीत, माझ्या गुडघ्याच्याही खाली. आंब्याला एवढा बार धरला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. दुपारी वारा नसतो, आणि तरी उसाची पात कुजबुजत राहते. रेडिओवाला वादळाचं अजून काही बोललेला नाही. तो बोलेल तेव्हा बोलेल. मी कोयता घेऊन मानियोकच्या ओळींतून फिरायला लागले आहे.

मानियोक म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो. त्याची काठी माणसाहून उंच वाढते, आणि सिक्लोन आला की वारा ती काठी धरून अख्खा कंद मुळासकट उपटून काढतो. म्हणून वादळ येणार अशी खात्री झाली की काठ्या नडगीएवढ्या ठेवून छाटायच्या. कंद जमिनीत राहतो, वारा डोक्यावरून निघून जातो. केळीचंही तसंच. पानं उतरवली की खांब उभा राहतो. पण उगाच आधी छाटलं आणि वादळ दुसरीकडे वळलं, तर कंद दोरखंडासारखा चिवट होतो, डुकरंही खात नाहीत. तेव्हा छाटायचं कसं हे पोराटोरालाही येतं; छाटायचं कधी, यात सगळी अक्कल आहे. हे आमच्या कुणा एकाचं ज्ञान नव्हे. मानियोक आम्ही क्रेओल शेजाऱ्यांकडून घेतला, त्यांच्या पूर्वजांना साखळ्या घालून इथं आणलं होतं. बांध घालणं आमच्या पणज्यांनी कोकणातून आणलं, करार करून आले तेव्हा. आणि या बेटाच्या वाऱ्यानं दोघांना सारखेच रट्टे देऊन शहाणं केलं.

आमची संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. तीळगूळ हाताला चिकटतो, आणि गोड बोला म्हणताना प्रत्येकाचं लक्ष आभाळाकडे असतं. संक्रांतीपासून शिमग्यापर्यंतचे हे दिवस आले की माझा राग ताजा होतो. मोडून जुळलेलं हाड पावसाआधी ठणकतं, तसा. लोक म्हणतात, भागी, आता केस पांढरे झाले, सोड. मी म्हणते, केस माझे आहेत, राग काही केसांत ठेवलेला नाही.

माझं माहेर सुरिनाम गावचं, याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्याचं. बाप थोडी मासेमारी करायचा, थोडी शेती. त्याची एक सवय होती, तिला सगळी वस्ती हसायची. मोठा पाऊस लागला की इतर लोक दारं लावून आत बसत, आणि हा डोक्यावर गोणपाट घेऊन, हातात काठ्यांची मोळी घेऊन शेतात जायचा. पाणी वरून येऊ लागलं की त्याच्याबरोबर चालायचा. ते वळलं तिथं वळायचा, थबकलं तिथं थबकायचा, आणि जिथं पाणी जमून जोर धरतं तिथं एक काठी रोवायचा. मीही जायचे मागोमाग. तो म्हणायचा, "पाऊस पडताना शेत बघावं गो. ऊन पडल्यावर काय दिसतं? पाणी येऊन गेलं एवढंच." मग पाऊस ओसरला की त्या काठ्यांच्या रेषेत तो वाळ्याची रोपं लावायचा, अगदी दाटीनं, खांद्याला खांदा लावून.

वाळा तुम्हाला माठातला ठाऊक असेल. थंडगार, वासाचा. आमच्याकडेही कपाटात लुगड्यांच्या घडीत त्याची मुळं ठेवतात. पण वाळ्याचा खरा पराक्रम बांधावर. पात वर माणसाच्या कमरेएवढी, आणि मुळं खाली विहिरीत दोर सोडावा तशी सरळ. पाण्याला तो अडवत नाही, गाळतो. पाणी त्याच्यातून चालत निघून जातं आणि माती मागे ठेवून जातं. अडवलेलं पाणी चिडतं, असं बाप म्हणायचा. त्या बाबतीत मी पाण्यावर गेले.

लग्न होऊन मी नुव्हेल फ्रांसला आले. डोंगरउतारावरचं गाव, सकाळी धुकं, चहाचे मळे, उसाचे पट्टे, आणि जमिनीत जिथं फावडं माराल तिथं काळा दगड. सासरे वारल्यावर उताराची वाटणी झाली. वरचा तुकडा, लाल, लोण्यासारख्या मातीचा, थोरल्या दिराला, सखारामभावोजींना. खालचा, दगडांचा, आम्हाला. माझा नवरा चहाच्या मळ्यात कामाला, स्वभावानं गरीब गाय. त्यानं मान डोलावली. सखारामभावोजी तेव्हा ओटीवर बसून हसत म्हणाले होते की भागी समुद्राकाठची आहे, तिला दगडांची सवय असेल. सगळे हसले. माझ्या नवऱ्यानंही त्यांच्यात आपलं हसणं मिसळलं.

मी दगड वेचले. वेचले म्हणजे किती, ते माझ्या कंबरेला विचारा. त्यांचे गडगे रचले, मधल्या मातीत मिरच्या लावल्या, आलं लावलं, कडेला मानियोक, ओहोळाकाठी आळू. माल डोक्यावरून बसपर्यंत, बसवरून माहेबूरच्या बाजारात. तिथं मी बोलायला शिकले. तमिळ बाईशी तमिळांच्या ढंगानं, चिनी दुकानदाराशी त्याच्या, आणि गोऱ्या मॅडमशी तर न बोलता, नुसतं मालावरून फडकं उचलून परत झाकून. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, असा लौकिक झाला. तो मी कमावला, वाटणीत नव्हता.

आणि दोन्ही तुकड्यांच्या मधोमध, वरच्या हद्दीवर, मी वाळा लावला. पावसात चालून, काठ्या रोवून, बापासारखा. दुसरी रांग लावली अगदी तळाला, ओहोळाच्या काठावर. वरची रांग भावोजींची माती भावोजींकडे ठेवायची, तळाची माझी माझ्याकडे. वरच्या रांगेचा फायदा माझ्याहून त्यांना जास्त होता. हे त्यांना कधी कळलं नाही, कारण पाऊस पडताना ते घरात असत.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यातली ती ऊसतोडणी. भावोजी तेव्हा देवळाच्या मंडळाचे सेक्रेटरी होते, गणपतीत मंडपात भाषणं करायचे, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. एके दिवशी मी बाजारातून परतत होते. रिकाम्या टोपल्या, उतरतं ऊन. गावाच्या वळणाशी बसमधून उतरले आणि एक वास आला, इतका गोड, इतका खोल, की मी पायांतल्या चपला काढल्या. वाटलं, कुणाकडे तरी होम चालू आहे. चपला हातात घेऊन मी त्या वासामागे चालत राहिले, आणि तो वास मला माझ्याच शेतात घेऊन आला. हद्दीवर वाळ्याची गंजी जळत होती. मुळांसकट उपटलेली. गडी फावड्यांवर रेलून उभे होते आणि भावोजी उसाची नवी सरी कुठून काढायची ते बोटानं दाखवत होते.

आमच्यात धाकटीनं थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नसतं. डोक्यावर पदर, नजर खाली, काही सांगायचंच असेल तर मध्ये कुणीतरी पाहिजे; कुणी नसेल तर भिंतीला सांगायचं. बाजारात फौजदारालाही न घाबरणारी मी तिथं पदर ओढून उभी, हातात चपला, आणि बोलायला भिंतसुद्धा नाही. मी आंब्याच्या झाडाला म्हटलं, की हे गवत नव्हे, ही भिंत आहे. ती गेली तर पहिल्या मोठ्या पावसात वरची माती खाली येईल. भावोजींनीही मग त्याच झाडाला उत्तर दिलं. त्यांचे शब्द मी विसरलेले नाही. "वाळा माठात घालतात, बांधावर नाही. आणि पाणी खालच्याच्या घरी जायचंच. खालच्यानं वरच्याला शिकवू नये."

गडी हसले. पुढे तो वाक्प्रचारच झाला. मंडळाच्या बैठकीत कुणी बाई काही सुचवायला लागली की मागून कुणीतरी म्हणायचं, वाळा माठात घाला. चहाच्या मळ्यातून माझा नवरा तो विनोद घरी घेऊन आला, कुणाचा आहे हे ठाऊक नसताना. त्या रात्री त्याला जेवण वाढलं, पण मीठ न घालता.

तो सिक्लोन त्याच मोसमात आला. त्याचं नाव मला घ्यायचं नाही. ज्यांची छपरं गेली त्यांना ते पाठ आहे. आदल्या दिवसापासून आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं होतं. मी मानियोक छाटला, केळी उतरवल्या, बकऱ्या घरात घेतल्या. गडग्यापलीकडून जाऊबाई विचारत होत्या, छाटू का गो? मी छाटा म्हटलं. जाऊबाईंशी माझं भांडण नव्हतं. त्या बिचाऱ्या दोन दगडांमधली चटणी.

वाऱ्याचं काय सांगायचं. आमच्या घराचा पत्रा ओरडत होता, माणसासारखा. मधे वारा पडला, सगळं पिवळं आणि गप्प झालं; जुन्या माणसांना ठाऊक असतं की तेव्हा बाहेर पडायचं नाही, वारा फक्त कूस बदलतो आहे. मग तो उलट्या बाजूनं आला. आणि त्याच्यामागून पाऊस. थेंब नव्हेतच ते, दोर. मी दाराच्या फटीतून पाहत होते. वरच्या तुकड्यावरून काहीतरी लाल उतरत होतं, सावकाश, जाड, जिवंत असल्यासारखं. माझ्या मिरच्यांवर चढलं. आल्याचे वाफे गिळले. नवरा म्हणाला, दार लाव. मी नाही लावलं. मला बघायचं होतं.

ऊन पडल्यावर लोक आपापली छपरं शोधत फिरत होते, आणि मी तळाच्या वाळ्यापाशी उभी होते. वर भावोजींच्या रानात ऊस आडवा, मुळं आभाळाकडे, आणि मुळांखाली नुसता काळा दगड, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. खाली माझं शेत गाडलेलं. पण ते लाल लोणी समुद्राला गेलं नव्हतं. माझ्या तळाच्या रांगेनं ते धरून ठेवलं होतं, कमरेएवढं. वाळा मातीत बुडाला होता आणि त्याची फक्त टोकं वर हलत होती.

मी रडले नाही. मी नवऱ्याला रताळ्याचे वेल कापून आणायला सांगितले आणि चिखल वाळायच्या आत त्या सगळ्या मातीवर ते लावून टाकले. बाजारात एक नियम असतो: माल हातात आला की आधी फडकं टाकायचं, मग बोलायचं.

ते दिवस आम्ही सगळ्यांनी जमिनीखालचं खाऊन काढले. बाजार बंद, दुकानात तांदूळ नाही. ज्यांनी मानियोक छाटला होता त्यांच्याकडे मानियोक होता, ओहोळाकाठी आळूचे कंद होते. मी ज्याला त्याला उपटून दिले. भावोजींच्या घरीही पाठवले, निवडून, चांगले मोठे. माझ्या कंदांवर ते पोसले जातील आणि प्रत्येक घासाला त्यांना ठाऊक असेल, यात मला जी गोडी वाटली ती उपाशी ठेवण्यात नव्हती.

रस्ते मोकळे झाले तसे भावोजी आले. बैलगाडी, गडी, टोपल्या, फावडी. मागून जाऊबाई. बातमी अशी पसरली की आमच्या गडग्यावर माणसं येऊन बसली. छप्पर नसलेल्या माणसाला तेवढंच मनोरंजन. भावोजी माझ्या रताळ्यांच्या कडेला उभे राहिले आणि जाऊबाईंना म्हणाले, "तिला विचार, ही माती कुणाची?"

मी पदर ओढला. "जाऊबाई, म्हणावं, माती आपल्या पायांनी आली. मी बोलवायला गेले नव्हते."

"म्हणावं, रंग बघ. लाल आहे. खालची माती काळपट."

"म्हणावं, ओळखीची आहे तर हाक मारा. येईल मागून चालत."

गडग्यावरचे हसले. या वेळी माझ्या बाजूनं. जाऊबाईंची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होती. शेवटी त्या मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "आयो, मी थकले. तुम्ही दोघांनी माझी मान मोडायची ठरवलीय. बोला काय ते तुमचं तुम्ही."

तेव्हा मी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि भावोजींच्या डोळ्यांत बघितलं. घरात आल्यापासून पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"भावोजी, माती तुमची आहे. मला एक टोपली नको. पण वर न्यायची तर तुम्ही न्यायची, स्वतःच्या डोक्यावरून. गडी नाही, गाडी नाही. आणि जिथला वाळा उपटलात तिथं तुमच्या हातानं परत लावायचा. मी दाखवीन त्या रेषेत. पावसात चालून."

"मी देवळाचा सेक्रेटरी आहे," ते म्हणाले.

"मग देवाला सांगा वर न्यायला."

गाडी रिकामी परत गेली. गडग्यावरून कुणीतरी माझ्या नवऱ्याला विचारलं की घरात सौदे कोण करतं. तो म्हणाला, पाऊस. अख्ख्या संसारात त्याचं एवढंच एक उत्तर मला आवडलं.

मी घाई केली नाही. गरज कुणाला आहे हे ज्याला कळतं तो घासाघिशीत आधी बोलत नाही. रताळ्याचे वेल फुटले, त्या लाल मातीवर असे माजले की पाय ठेवायला जागा नाही. वर भावोजींच्या रानात मात्र पावसाच्या प्रत्येक सरीनिशी एक ओघळ वाढत होता. आधी हातभर, मग माणूस उभा राहील एवढा. आणि तो वरच्या दिशेनं सरकत होता, त्यांच्या गोठ्याकडे. पाणी खाली वाहतं पण ओघळ वर खात जातो. हे फक्त पाहिलेल्यालाच खरं वाटतं. जाऊबाई नळावर मला सांगायच्या की हे जेवत नाहीत, गोठ्यातून गाय हलवली, रात्री पाऊस आला की उठून बसतात. मी हंडा भरायचे आणि ऐकायचे. मला बरं वाटायचं. अगदी आतून बरं वाटायचं.

मग एका सकाळी, आभाळ भरलेलं असताना, ते आले. एकटे. पांढरा शर्ट नव्हता, गोणपाट होतं डोक्यावर. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "चल, दाखव."

पाऊस कोसळत होता. आम्ही वरपासून पाण्याबरोबर चाललो, मी पुढे काठ्या घेऊन, ते मागे. ते घसरले. मी हात दिला नाही. पाणी वळलं तिथं मी थांबायचे आणि काठी त्यांच्या हातात द्यायचे, रोवायला. एका ठिकाणी त्यांनी सरळ रेषेत काठी लावली, हद्दीच्या दगडाला धरून. मी ती उपटली. हद्द माणसांची असते, पाण्याची रेष वाकडी असते, एवढं सांगितलं आणि बोटानं दाखवलं. काठी त्यांच्याच जमिनीत आत जात होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिथं रोवली.

नंतरचे किती दिवस गेले ते मोजले नाहीत. ते माती उपसून वर नेत, डोक्यावरून, माझ्या रताळ्यांतून वाट काढत. आणि तळाच्या रांगेतून मी काढून दिलेली वाळ्याची रोपं वरच्या रेषेत लावत. रोप सैल लागलं की मी ओढून काढायचे. परत लावा. सारं गाव येता-जाता बघत होतं. मंडळातली माणसं दुसऱ्या रस्त्यानं जायला लागली, संकोचानं. एकदा एका टारगट माणसानं गडग्यावरून हाक मारली, "सेक्रेटरीसाहेब, वाळा माठात घालतात ना?" भावोजींनी मान वर केली नाही. मीही त्याला गप्प केलं नाही.

मला फक्त एक शब्द हवा होता. चुकलो. टोपली उतरवताना, पाणी पिताना, कधीही. मी त्यांना रोज ताक देत होते, त्याच आशेनं. ते ताक पीत, भांडं उपडं ठेवत आणि जात. शेवटचं रोप लागलं त्या दिवशीही ते भांडं उपडं ठेवून गेले.

त्यानंतर कितीतरी वादळं आली. दशक बदललं त्या सुमाराला दोन तर अशी की देवळाचा मंडप समुद्राच्या दिशेनं उडाला. वरची माती वर राहिली, खालची खाली. वाळा इतका दाट झाला की त्यातून मुंगूस जात नाही. आणि प्रत्येक वादळानंतर, लोक पडझड बघत असताना, मी हद्दीवर उभी राहायचे, पलीकडे भावोजीही यायचे, मधे ती हिरवी भिंत. मी वाट बघायचे. ते पातीवरून हात फिरवायचे आणि घराकडे वळायचे.

हल्ली हवेचा काही भरवसा राहिलेला नाही. धुकं उशिरा येतं. पाऊस महिना महिना रुसतो आणि मग महिन्याचा सगळा राग एका दुपारी काढतो. सुरिनामला भावाच्या घरामागचे माड समुद्रानं खाल्ले. जिथं आम्ही जाळी वाळत घालायचो तिथं आता लाटा फुटतात. रेडिओवर कुणी विद्वान सांगत होता की सगळी पृथ्वीच तापते आहे आणि समुद्र चढणार आहे. असेल. मराठी बैठकीतल्या बायका मला विचारतात, भागीआजी, आता काय करायचं? लांबच्या कांप दे मास्क गावाहूनसुद्धा लोक वाळ्याची रोपं मागायला येतात. मी फुकट देत नाही. माझा भाव ठरलेला आहे: मोठ्या पावसात यायचं, माझ्याबरोबर पाण्यामागून चालायचं, काठ्या स्वतः रोवायच्या. जे छत्री घेऊन येतात त्यांना परत पाठवते. बहुतेक जण एकदाच येतात. काही जण पुन्हा येतात. त्यांच्या शेतात आता रेघा उठल्या आहेत, वाकड्या, हिरव्या. माझ्या बापाला हसणारी वस्ती आता नाही. पण तिची नातवंडं चिखलात घसरताना पाहिली की मला त्या वस्तीचं देणं फिटल्यासारखं वाटतं.

आता या मोसमाचं सांगते.

भावोजींचा मुलगा आनंद. देखणा, बोलघेवडा, बापाचाच साचा. त्यानं कामियों घेतला आहे, ऊस वाहायचा ट्रक. बैलगाडीचे दिवस गेले हे खरंच आहे. ट्रकला खालच्या रस्त्यावर उतरायला त्याला वाळ्यातून वाट हवी होती, आणि ती वाट नेमकी त्या ठिकाणी, जिथं पाणी सगळ्यात जास्त जोर धरतं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला की वाळा वरच्या तुकड्यात आहे, काकी, आमच्या हद्दीत. आणि ते बरोबर होतं. काठी आत रोवायला मीच लावली होती. सौद्यात मी कधी फसत नाही. इथं माझी स्वतःचीच अट माझ्या गळ्यात आली.

गेल्या आठवड्यात तो ट्रॅक्टर घेऊन आला. मी कोयता घेऊन खालून चढले. ओरडले, शिव्या दिल्या, क्रेओलमध्ये आणि मराठीत. माणसं जमली. आनंद हसत होता, अगदी बापाचं ओटीवरचं ते हसणं. म्हणाला, "काकी, आता सिमेंटची गटारं होतात. गवताचे दिवस गेले."

तेवढ्यात वरून भावोजी आले. दमा त्यांना खाऊन टाकतो आहे. दोन पावलं टाकून थांबत होते, काठी टेकत होते. जाऊबाई मागून धरायला धावत होत्या. ते ट्रॅक्टरसमोर आले आणि वाळ्याला पाठ लावून उभे राहिले. आधी श्वास गोळा केला.

"हा बांध मी लावलाय," ते म्हणाले. "माझ्या हातानं. पावसात चालून, पाणी बघून. डोक्यावरून माती वाहिलीय मी इथं. मी आहे तोवर याला कुणी हात लावायचा नाही."

आनंदनं ट्रॅक्टर बंद केला. जमलेल्यांत जुनी माणसं होती. त्यांनी ती टोपली पाहिली होती, तो टोमणा ऐकला होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी शिक्षा म्हणून दिलेलं काम या माणसानं अभिमान म्हणून मिरवायला घेतलं होतं. माझी रेष, माझ्या काठ्या, माझा बाप, सगळं त्याच्या एका 'मी'मध्ये गेलं होतं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. असं, की ते ऐकून गाव पुढची दहा वर्षं हसलं असतं, आणि आनंदनं लगेच ट्रॅक्टर चालू केला असता, कारण ज्या बापाची लाज वाटते त्याचा शब्द कोण पाळतो? भावोजींचे घारे डोळे माझ्यावर होते. त्यांना ठाऊक होतं मी काय बोलू शकते.

"खरं आहे," मी म्हटलं. "भावोजींनीच लावलाय. मी बघितलंय."

ट्रॅक्टर परत गेला. भावोजी माझ्याशी एक शब्द न बोलता घराकडे वळले. चुकलो म्हणायला त्या दिवसाहून चांगला दिवस नव्हता, आणि तोही त्यांनी घालवला.

आता परिस्थिती अशी आहे. मी आहे तोवर, असं ते सगळ्यांसमोर बोलले. म्हणजे ते नसले की आनंद मोकळा. तो काही वाईट मुलगा नाही, पण ट्रक हप्त्यावर आहे आणि तो वाट बघतो आहे, हे त्याच्या चालण्यात दिसतं. आणि पिवळ्या गांधीलमाश्या जमिनीशी बसल्या आहेत.

म्हणून मी रोज सकाळी आळूच्या पानांचा रस्सा करते, आलं ठेचून, छातीला मोकळं करणारा, माझ्याच वाफ्यातलं आलं. जाऊबाईंच्या हातात भांडं देते आणि सांगते, समोर बसून पाजा, अर्धं टाकू देऊ नका. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते आणि ज्या माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून मी इतके मोसम हात जोडले, त्याच्यासाठी आयुष्य मागते. भरपूर मागते, घासाघीस करून मागते. जाऊबाईंना वाटतं, म्हातारपणी भागीचा राग निवला. त्यांनी काल डोळे पुसत विचारलं, की ह्यांना काही निरोप सांगू का.

मी म्हटलं, "सांगा, मरायची परवानगी नाही. अजून माझं त्यांच्याकडे काम आहे."